आठशे मीटर



पोलीस भरतीत मुलींना किती पळावं लागतं, हे आता आपल्यातल्या बहुतेकींना पाठ झालं आहे. ८०० मीटर. शंभर मीटर आणि गोळाफेक असते ती वेगळी, पण मुलींना धास्ती असते ती आठशेची. आमच्या गटांच्या गावांमधून पहाटे पाचला निघालं तर डांबरी रस्त्यावर दोन-दोन, तीन-तीन मुली पळताना दिसतात. कुणाच्या पायात भावाचे बूट असतात, कुणाच्या अंगात शाळेचा जुना टी-शर्ट. ऊसतोडीची बैलगाडी आली की बाजूला होतात, गाडी गेली की परत पळायला लागतात.

मागच्या वर्षी एका गटाची मासिक बैठक होती. हप्ते जमा झाले, कर्जाची वसुली लिहून झाली, सह्या-अंगठे झाले. बायका उठायला लागल्या तरी एक ताई बसूनच राहिल्या. त्यांची मुलगी बी.कॉम. होऊन तालुक्याच्या गावी एका कापड दुकानात बिलिंगला लागली होती. ताई म्हणाल्या, "नवी नोकरी आहे. नव्या मैत्रिणी झाल्यात. आज हिचा वाढदिवस, उद्या तिची हळद, परवा कुठं सगळ्या मिळून वडापाव खायला. त्यात हे पळणं. मी तिला म्हटलं, एक काहीतरी सोड बाई. आणि सोडायचंच तर पळणं सोड. सासूबाई म्हणतात, एवढं पळालं की पिशवीला धक्का बसतो, पुढं मूल राहत नाही."

दोघी-तिघींनी मान हलवली. आम्ही सहयोगिनी. बँकेचा फॉर्म कसा भरायचा, व्याज कसं काढायचं हे आम्हाला विचारा. याचं उत्तर आमच्याकडे तयार नव्हतं. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना विचारलं, तर त्या हसल्याच. पळण्यानं पिशवी सुटत नाही की सरकत नाही, म्हणाल्या. मग हे आलं कुठून? शोधत गेलो तेव्हा कळलं, की नेमकं हेच बोलणं, आणि तेही नेमकं आठशे मीटरच्याच शर्यतीवरून, एके काळी जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. त्याला आता शंभर वर्षं होत आली. आज ती गोष्ट सांगतो.

त्यासाठी आपल्याला कॅनडात जावं लागेल, टोरांटो शहरात. पहिलं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. शहराची वस्ती पाच लाखांवर गेली होती. दुकानं, शिवणकामाचे कारखाने, कचेऱ्या वाढत होत्या आणि त्यात काम करायला आजूबाजूच्या लहान गावांतून तरुण मुली येत होत्या. १९२२ साली अशीच एक मुलगी टोरांटोत आली. नाव फॅनी रोझेनफेल्ड. वय सतरा-अठरा. केस आखूड कापलेले, म्हणून सगळे तिला बॉबी म्हणायचे. घर ज्यू. ती तान्ही असताना आईवडील रशियाच्या साम्राज्यातून, आज जो युक्रेन आहे तिथून, निघून कॅनडात आले होते. वडील भंगाराचा धंदा करायचे.

बॉबीला पॅटरसन नावाच्या चॉकलेट-गोळ्यांच्या कारखान्यात नोकरी मिळाली. कारखान्यात म्हणजे कचेरीत, स्टेनो म्हणून. साहेब बोलेल ते लघुलिपीत भराभर उतरवून घ्यायचं आणि मग टाइप करायचं. दिवसभर खुर्चीवर बसून बोटं चालवायची. आणि संध्याकाळी हीच मुलगी मैदानावर.

आता संध्याकाळी म्हणजे कधी, ते समजून घ्या, कारण खरी अडचण तिथेच आहे. त्या काळच्या टोरांटोत रविवार फार कडक पाळत. रविवार देवाचा. त्या दिवशी खेळांचे सामने भरवायला कायद्यानं बंदी होती. म्हणजे नोकरदार मुलीला जो एक पूर्ण दिवस मोकळा, त्या दिवशी मैदान बंद. उरल्या कामानंतरच्या संध्याकाळी आणि शनिवारची दुपार. हिवाळ्यात तिकडे दुपारी पाचच्या आत अंधार पडतो, बर्फ साचतं. मग बाहेर पळणं बंद, आत बास्केटबॉल, नाहीतर बर्फावरची हॉकी. उन्हाळा आला की सॉफ्टबॉल, टेनिस आणि पळणं. बॉबी हे सगळं खेळायची, आणि नुसती हजेरी लावायला नव्हे. १९२४ मध्ये तिनं टोरांटोची टेनिस स्पर्धा जिंकली. ज्यू मुलींच्या मंडळाच्या बास्केटबॉल संघातही ती होतीच. आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "हिला झोपायला वेळ कधी मिळायचा?" प्रश्न बरोबर आहे. पण एक लक्षात घ्या. मैत्रिणी, गप्पा, हिंडणं-फिरणं हे तिच्या खेळापासून वेगळं नव्हतं. शहरात नवीन आलेल्या मुलीला मैत्रिणी मिळायच्या त्या संघातच. सनीसाइड नावाच्या तळ्याकाठच्या जागी मुलींचे सॉफ्टबॉलचे सामने व्हायचे आणि ते बघायला हजारो माणसं जमायची. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांना जमतात तशी. मुलींचं भेटणं-बोलणं, शहर बघणं सगळं तिथंच व्हायचं. तिन्ही गोष्टी तीन दिशांना ओढत होत्या असं आपल्याला वाटतं, पण त्या एकाच मैदानावर येऊन मिळत होत्या.

ती पळायला लागली तीही अशी हसत-खेळत. १९२३ मध्ये सॉफ्टबॉलच्या संघाबरोबर ती बीव्हर्टन नावाच्या गावी गेली होती. तिथं शंभर यार्डांची शर्यत होती. मैत्रिणींनी आग्रह केला, जा गं, पळ. ही पळाली आणि पहिली आली. मागे वळून बघते तर जिला हरवलं ती रोझा ग्रॉस, देशाची विजेती!

मुलींसाठी खेळाचे कपडे तेव्हा बाजारात मिळतच नव्हते. बॉबी भावाची पोहायची चड्डी, ढगळ शर्ट आणि वडलांचे मोजे घालून पळायची. १९२५ मध्ये ओंटारिओ प्रांताच्या स्पर्धेत ती एकाच दिवशी थाळीफेक, २२० यार्ड धाव, अडथळ्यांची शर्यत आणि लांब उडी या चारांत पहिली आली. शंभर यार्ड आणि भालाफेकीत दुसरी. सोमवारी परत टाइपरायटरपुढं.

कारखान्याला यात काय मिळत होतं? जाहिरात. त्या काळी टोरांटोच्या बऱ्याच कंपन्यांनी आपल्या कामगार मुलींचे क्लब काढले होते. शर्टावर कंपनीचं नाव असायचं आणि सामना जिंकला की ते नाव दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं. शिवाय नियम असा होता की खेळण्याचे पैसे घेतले तर ऑलिम्पिकला जाता येणार नाही. म्हणजे पोट भरायला नोकरी पाहिजेच आणि खेळ फुकट खेळायचा. संघातली दुसरी धावपटू एथेल स्मिथ आठवीत शाळा सोडून कापडाच्या कारखान्यात लागली होती. मर्टल कुक ही बॉबीसारखी स्टेनो. घरून खाऊनपिऊन सुखी अशा घरातल्या लेकी या नव्हत्या. त्यांना मैदान मिळालं, प्रशिक्षक मिळाला, तो या क्लबांमुळे. मालकाचा स्वार्थ होता, पण मुलींनी त्याचं सोनं केलं.

तरी मालकाच्या मर्जीवर सगळं सोडायचं नाही, हे त्यांच्यातल्या काही जणींना कळत होतं. १९२६ मध्ये कॅनडातल्या बायकांनी स्वतःचा मैदानी खेळांचा महासंघ काढला. मुलींच्या खेळाचा कारभार मुलींनीच बघायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यात पुढं असलेल्या अलेक्झांड्रीन गिब या पुढं टोरांटोच्या मोठ्या दैनिकात बायकांच्या खेळावर सदर लिहायच्या. आम्हाला हे फार ओळखीचं वाटलं. गटाचं बँकखातं आपल्या नावावर आणि वही आपल्या हातात असली म्हणजे काय फरक पडतो, ते तुम्हाला सांगायला नको.

तिकडे फ्रान्समध्ये ॲलिस मिलिया नावाच्या बाई पुरुषांच्या ऑलिम्पिक समितीशी भांडत होत्या. बायकांना मैदानी शर्यती द्या, असं त्या मागत होत्या आणि समिती नाही म्हणत होती. तेव्हा त्यांनी १९२२ मध्ये पॅरिसला बायकांची वेगळी जागतिक स्पर्धाच भरवली. तिला गर्दी झाली. चार वर्षांनी स्वीडनमध्ये दुसरी भरवली. मग कुठं पुरुष मंडळी वरमली आणि १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांना पाच प्रकार दिले: १०० मीटर, ८०० मीटर, चौघींची रिले, उंच उडी आणि थाळीफेक. मिलियाबाईंनी याहून जास्त मागितले होते.

कॅनडानं सहा मुली पाठवल्या. बोटीनं समुद्र ओलांडून त्या ॲम्स्टरडॅमला पोचल्या. शंभर मीटरमध्ये अमेरिकेची बेटी रॉबिन्सन पहिली, आपली बॉबी दुसरी आणि एथेल स्मिथ तिसरी. पहिली कोण, यावर पंचांमध्येही एकमत नव्हतं म्हणतात, इतकं अंतर कमी होतं. त्यानंतर २ ऑगस्टला आठशेची अंतिम शर्यत झाली.

ती जरा सविस्तर सांगतो. नऊ जणी रेषेवर उभ्या होत्या. बॉबीनं आठशेचा सराव केलेला नव्हता, ती जवळच्या अंतराची धावपटू. पण संघात जीन थॉम्पसन नावाची १७ वर्षांची मुलगी होती, तिचा पाय दुखावला होता. तिला सोबत व्हावी म्हणून बॉबी आठशेत उतरली. शेवटच्या टप्प्यात जीन मागे पडायला लागली. बॉबी मागून वेगात येत होती, पुढं निघून जाता आलं असतं. ती जीनच्या शेजारी आली, तिला धीर देत तिच्याबरोबर पळत राहिली आणि शेवटी तिला पुढं जाऊ दिलं. जीन चौथी, बॉबी पाचवी. पहिली आली जर्मनीची लीना राडके. लग्न झालेली बाई, तिचा नवराच तिचा प्रशिक्षक. वेळ २ मिनिटं १६.८ सेकंद, म्हणजे जागतिक विक्रम, आणि तो पुढं १६ वर्षं कुणाला मोडता आला नाही. दुसरी आली जपानची किनुए हितोमी. तिच्याबद्दल पुढं सांगतो.

नऊ जणी निघाल्या, नऊही जणी पोचल्या. रेषा ओलांडल्यावर काही जणी गवतावर आडव्या झाल्या. आठशे मीटर जीव खाऊन पळालं की कुणीही आडवं होतं, पुरुषही होतात. भरतीच्या मैदानावर जाऊन बघा.

पण दुसऱ्या दिवसापासून पेपरांत काय छापून आलं! बायका पटापट कोसळल्या, बघवत नव्हतं, ही शर्यत बायकांच्या देहाला पेलणारी नाही, यानं त्या अकाली म्हाताऱ्या होतील. एका अमेरिकन लेखकानं तर अकरा बायका होत्या असं लिहिलं, त्यातल्या पाच जणींनी म्हणे शर्यत मध्येच सोडली आणि पाच शेवटी पडल्या. मुळात होत्या नऊ! निकालाचा कागद होता, शर्यतीचं चित्रीकरण होतं, पण ते कोण तपासतं? वीस वर्षांपूर्वी लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये डोरांडो पिएत्री नावाचा इटलीचा पुरुष मॅरेथॉनच्या शेवटी चार-पाच वेळा जमिनीवर पडला होता. त्याला लोकांनी धरून रेषा ओलांडायला लावली. इंग्लंडच्या राणीनं त्याला कौतुकाचा चषक दिला. पुरुषांची मॅरेथॉन काही त्यामुळं बंद झाली नाही.

मैदानी खेळांच्या जागतिक संघटनेची बैठक तिथंच झाली. बायकांच्या शर्यती ठेवायच्या का, यावरच मतदान झालं. थोडे प्रकार राहिले, आठशे मीटर मात्र काढून टाकलं. आणि बायकांच्या विरोधात मत देणाऱ्यांत कॅनडाचा प्रतिनिधी होता. ज्या देशाच्या मुली पदकं घेऊन उभ्या, त्याच देशाचा माणूस! सभेत मुलींना कुणी विचारलंच नाही, झेपलं का गं तुम्हाला म्हणून. आम्हाला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त राग आला तो इथे.

बॉबीनं तेव्हा काय केलं? तीन दिवसांनी, ५ ऑगस्टला, ती चौघींच्या रिलेत पळाली. बॉबी, एथेल स्मिथ, जेन बेल आणि मर्टल कुक. सुवर्णपदक आणि जागतिक विक्रम, ४८.४ सेकंद. एथेल कॅथरवूडनं उंच उडीत सुवर्ण घेतलं. त्या परतल्या तेव्हा टोरांटोत स्टेशनवर आणि रस्त्यांवर लाखावर माणसं जमली असं सांगतात. मिरवणूक निघाली. पण आठशे मीटर काही परत आलं नाही.

किती वर्षं? ३२. मधल्या काळात बायकांना ऑलिम्पिकमध्ये अडथळ्यांशिवाय स्वतंत्र पळायला फक्त शंभर मीटर, आणि १९४८ पासून दोनशे. आठशे परत आलं ते १९६० मध्ये, रोमला. पंधराशे मीटर १९७२ मध्ये. बायकांची मॅरेथॉन १९८४ मध्ये. १९२८ साली जन्मलेली मुलगी रोमच्या वेळी ३२ वर्षांची होती. तिचं पळायचं वय एका खोट्या बातमीपायी गेलं.

याची झळ आपल्यापर्यंतही आली. १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताच्या बायका पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेल्या. त्यात मुंबईच्या मेरी डिसूझा होत्या, मूळ गोव्याच्या घरातल्या. हॉकीही खेळायच्या. जाण्याच्या खर्चासाठी त्यांच्या ओळखीच्या लोकांनी पैसे उभे केले होते. त्या पळाल्या शंभर आणि दोनशे मीटर. त्याहून लांब पळायचं म्हटलं असतं तरी त्या वर्षी बायकांसाठी त्याहून लांब शर्यतच नव्हती.

आता त्या जपानच्या हितोमीकडे येतो. तिची गोष्ट सांगितली नाही तर ही गोष्ट अर्धी राहील.

किनुए हितोमी ओकायामाची. १९२६ मध्ये ओसाकाच्या एका मोठ्या दैनिकात बातमीदार म्हणून लागली. वय १९. त्याच वर्षी रेल्वेनं सैबेरिया ओलांडून ती एकटी स्वीडनला बायकांच्या जागतिक स्पर्धेला गेली आणि लांब उडी जिंकून आली. ॲम्स्टरडॅमला ती शंभर मीटरच्या उपान्त्य फेरीत हरली. रिकाम्या हातानं घरी कसं जायचं, म्हणून जी शर्यत आयुष्यात कधी स्पर्धेत पळाली नव्हती तीत, आठशेत, नाव दिलं. आणि दुसरी आली. ऑलिम्पिक पदक मिळवणारी जपानची पहिली बाई.

पुढं १९३० मध्ये प्रागला बायकांची स्पर्धा होती. या वेळी हितोमीला एकटं जायचं नव्हतं, धाकट्या मुलींना घेऊन जायचं होतं. खर्चासाठी मुलींच्या शाळांमधून वर्गणी गोळा केली. त्या स्पर्धेत आणि त्यानंतर युरोपात ती एकामागून एक शर्यती पळाली. परत आली ती थेट कामावर. पेपराचं लिखाण, शिवाय वर्गणी दिलेल्यांचे आभार मानायला गावोगाव भाषणं. विश्रांती नाही. दुसऱ्या वर्षी ती आजारी पडली आणि फुफ्फुसाच्या आजारानं गेली. तारीख २ ऑगस्ट १९३१. आठशेच्या त्या शर्यतीला बरोबर तीन वर्षं झाली होती. वय २४.

तेव्हा बैठकीत 'सगळं सांभाळून करते हो' असं कौतुकानं म्हणताना आम्ही आता जरा थांबतो. घर सांभाळून, नोकरी सांभाळून, चार लोकांत ऊठबस सांभाळून, आणि वर पळते. हे सांभाळणं कुणाच्या जिवावर चाललं आहे, ते बघायला नको का? हितोमीला पळण्यानं मारलं नाही. आजार होता आणि अंगात तो झेलायला ताकद उरली नव्हती. तिला थांब म्हणणारं, तिच्या वाटचं एखादं काम उचलणारं कुणी नव्हतं. बॉबीला निदान संध्याकाळची वेळ ठरलेली होती, क्लब होता, बरोबरीच्या मुली होत्या. जाताजाता डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं एक इथंच सांगतो: पळणाऱ्या मुलीची पाळी दोन-तीन महिने आली नाही, तर पळण्यानं पिशवी बिघडली असं समजू नका. बहुतेक वेळा खाणं आणि झोप कमी पडते. ताटात भाकरी, डाळ, अंडं, शेंगदाणे वाढवा आणि तपासून घ्या.

बॉबीचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचारालच. १९२९ मध्ये तिला सांधेदुखीनं गाठलं. आठ महिने अंथरुणावर होती, त्यानंतर वर्षभर कुबड्यांवर. (हे पळण्यामुळं झालं, असं म्हणणारे तेव्हाही निघाले असतील, आमच्या ओळखीतलेच कुणी म्हटलं असतं!) १९३१ मध्ये ती परत मैदानावर आली, सॉफ्टबॉल आणि हॉकी खेळली, आणि १९३३ मध्ये पुन्हा दुखणं उलटल्यावर थांबली. तोवर तिकडे मोठी मंदी आली होती. कारखाने खर्च कापायला लागले, तसे मालकांच्या जिवावर चाललेले मुलींचे क्लब अडचणीत आले. आणि पेपरांतून बायकांनी कसं नाजूक दिसावं, यावर परत लिहून यायला लागलं. बॉबी स्वतः टोरांटोच्या एका दैनिकात खेळाची लेखिका झाली आणि सुमारे वीस वर्षं सदर लिहीत राहिली. मर्टल कुकनं माँट्रियलच्या पेपरात तेच केलं. ज्यांच्याविषयी खोटं छापलं गेलं, त्याच जणी लिहायला बसल्या. १९५० मध्ये कॅनडाच्या पत्रकारांनी बॉबीला त्या अर्ध्या शतकातली देशातली सर्वश्रेष्ठ महिला खेळाडू ठरवलं. १९६९ मध्ये ती गेली. म्हणजे आठशे मीटर परत सुरू झालेलं तिनं पाहिलं.

आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर तुम्हाला माहीत आहे. दुष्काळी मुलूख. रेल्वेची नोकरी करत तिनं सराव केला, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तीन वर्षं पहिली आली, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत पळून दहावी आली. बायकांसाठी ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये कधी आली माहीत आहे? २००८ मध्ये. ललिता वीस वर्षं आधी जन्मली असती तर पळायला ही शर्यतच नसती.

हे सगळं आम्ही त्या बैठकीत सांगितलं. एका बैठकीत नाही, तीन बैठकांत थोडं थोडं. ताईंच्या सासूबाईंनाही बोलावलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या नऊ जणींना पुढं पोरंबाळं झाली का?" आम्ही म्हटलं, आजी, पहिली आलेली तर लग्न झालेलीच होती. आजी म्हणाल्या, "नवरा पळायला शिकवायचा म्हणता? बघा म्हणजे." त्यांना पटलं की नाही, सांगता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे नातीसाठी चहा त्यांनी ठेवला होता.

गटानं एक ठरवलं. शाळेच्या मैदानावर भरतीच्या मुली पहाटे पळतात, तेव्हा गटातली एक जण पाळीपाळीनं तिथं जाऊन बसते. अंधार असतो, रस्त्यावर टवाळ पोरं असतात, म्हणून. त्या दिवसापुरतं तिच्या घरचं पाणी शेजारीण भरते. दुकानातल्या मुलीनं नोकरी सोडली नाही, मैत्रिणीही सोडल्या नाहीत. हळदीला जाते, पण दहाला घरी येते. आमच्या मैदानाची एक फेरी दोनशे मीटरची आहे. तिच्या आई मोबाईलवर वेळ लावून चार फेऱ्या मोजतात. परवा ३ मिनिटं १४ सेकंद लागले. मागच्या महिन्यात साडेतीन लागत होते.